कायदा तोच, मग एच-४चे नियम का हलतात? अमेरिकेत धोरण नेमकं कुठे ठरतं

टेक्सासमधल्या एका वाचकाने प्रश्न विचारला आहे. ते मूळचे पुण्याचे, एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत, आय-१४० (ग्रीन कार्डसाठी मालकाने केलेला अर्ज) मंजूर आहे आणि पत्नी एच-४ ईएडीवर, म्हणजे एच-१बीधारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या काम करण्याच्या परवान्यावर, नोकरी करते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "इतक्या वर्षांत काँग्रेसने (इथल्या संसदेने) आमच्यासाठी एकही कायदा केला नाही, तरी नियम सारखे बदलत असतात. हे ठरवतं कोण? सरकारी बाबू, लॉबीवाले की टीव्हीवाले? आणि आम्ही इथले नागरिक नसताना हरकती-सूचना पाठवून काही फायदा होतो का?"

मी न्यू जर्सीत बरीच वर्षं इमिग्रेशनची वकिली करते आहे आणि हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्या टेबलावर कायम येतो. तो "कोण" असा विचारला की उत्तर हाती लागत नाही, कारण तुम्ही नाव घेतलेले तिघेही खरोखर धोरण घडवतात, फक्त एकाच ठिकाणी नाही. तुमचा विषय आज कोणत्या टप्प्यावर आहे, हे आधी पाहावं लागतं. एका टप्प्यावर खासदाराचं पत्र कामाचं असतं, दुसऱ्यावर वर्तमानपत्रातली बातमी, आणि तिसऱ्यावर खात्यातल्या एका अधिकाऱ्याने किती फायली हातावेगळ्या केल्या यावरच सगळं अवलंबून असतं. राष्ट्राध्यक्ष कोण आहे, कोर्टाचा कल काय आहे, यानेही पुष्कळ फरक पडतो. त्यामुळे पुढचं सगळं इमिग्रेशनच्या अनुभवातून लिहिते आहे. शेती किंवा औषधांच्या क्षेत्रात खाती वेगळी, दबावगट वेगळे आणि त्यांचं वजनही वेगळं.

आधी काँग्रेसचं पाहू. एच-१बीचा आजचा सांगाडा १९९०च्या कायद्यातला आहे. वर्षाला ६५,००० व्हिसांची मर्यादा त्यातच आली. नंतर ती काही वर्षं १,९५,०००पर्यंत गेली आणि पुन्हा खाली आली. २००४च्या कायद्याने अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० जागा वाढवल्या. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० आणि एका देशाला त्यातली साधारण सात टक्के, हेही १९९०पासून तसंच आहे. म्हणजे तुमची मुख्य अडचण, भारतीयांची रांग, ही खरोखर कायद्यातली आहे आणि काँग्रेसशिवाय सुटणार नाही. पण पत्नीची नोकरी, तुमच्या पिटिशनची (मालकाने तुमच्या व्हिसासाठी केलेल्या अर्जाची) छाननी, ग्रीन कार्डच्या रांगेतल्या तारखा पुढे-मागे होणं, हे सारं कायद्याच्या खालच्या मजल्यांवर घडतं. तिथे नियम आहेत, नियमांखाली मेमो, म्हणजे खात्याची अंतर्गत परिपत्रकं, आहेत आणि मेमोंखाली रोजचं कामकाज.

एच-४ ईएडी हे नियमाचं उदाहरण. कायद्यात त्याचा कुठेही थेट उल्लेख नाही. होमलँड सिक्युरिटी खात्याने मे २०१४मध्ये मसुदा फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात छापला, हरकती-सूचना मागवल्या आणि २५ फेब्रुवारी २०१५ला अंतिम नियम काढला. तो २६ मेपासून लागू झाला. पहिल्या वर्षी सुमारे १,७९,६०० जण पात्र ठरतील असा खात्याचा अंदाज होता. सूचना आल्या जवळजवळ १३,००० आणि त्यातल्या सुमारे ८५ टक्के बाजूने होत्या. पण या आकड्याकडे मतदान म्हणून पाहू नका. अंतिम नियमाची प्रस्तावना वाचलीत तर कळेल की खातं किती जण बाजूने आहेत यावर विसंबून राहत नाही, एकेका मुद्द्याला उत्तर देतं. सरसकट सगळ्या एच-४धारकांना परवानगी द्या, अशी मागणी पुष्कळांनी केली होती. खात्याने ती फेटाळली आणि का फेटाळली हे लिहून ठेवलं. ग्रीन कार्डच्या वाटेवर बरेच पुढे गेलेल्या कुटुंबांपुरताच नियम ठेवला, म्हणजे जोडीदाराचा आय-१४० मंजूर असेल किंवा सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ मिळाली असेल तरच.

हे उत्तर देणं खात्याच्या मर्जीवर नाही. १९४६च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याने खातं बांधलेलं आहे. महत्त्वाच्या हरकतीला उत्तर न देता नियम काढला तर कोर्ट तो उडवू शकतं. म्हणून मी अशिलांना सांगते, तुमची सूचना वाचणारा एक माणूस आज खात्यात बसलेला असतो आणि दुसरा वाचक चार वर्षांनी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसणार असतो. त्या दुसऱ्या वाचकासाठी लिहा.

विरोधकही त्या दुसऱ्या वाचकाकडेच गेले. सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीत आयटीच्या नोकऱ्या गमावलेल्या लोकांनी सेव्ह जॉब्ज यूएसए ही संघटना काढली आणि नियम लागू होण्याआधीच, एप्रिल २०१५मध्ये, कोर्टात दावा लावला. त्या दाव्याने किती वर्षं खाल्ली पाहा. २०१९मध्ये अपील कोर्टाने फक्त एवढंच ठरवलं की त्यांना दावा लावायचा हक्क आहे. २०२३मध्ये जिल्हा न्यायालयाने नियम वैध ठरवला, ऑगस्ट २०२४मध्ये अपील कोर्टाने तो कायम केला आणि ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. या दशकभरात इथल्या कितीतरी मराठी घरांनी घर घ्यायचं की नाही, मुलाला डेकेअरला घालायचं की नाही, हे या दाव्याकडे पाहत ठरवलं. ती घालमेल मी जवळून पाहिली आहे, म्हणूनच हे इतक्या तपशिलात सांगते आहे.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली, तिची बातमी फारशी झाली नाही. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत, २०१७च्या अखेरीस, हा नियम रद्द करायचा प्रस्ताव खात्याच्या नियोजित कामांच्या यादीत आला. फेब्रुवारी २०१९मध्ये मसुदा व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयातल्या ओआयआरए नावाच्या छोट्या विभागाकडे गेला. जवळजवळ प्रत्येक मोठा नियम छापण्याआधी तिथून जातो. १९८१पासून ही पद्धत आहे आणि १९९३च्या क्लिंटन यांच्या आदेशाने तिला आजचं स्वरूप मिळालं. मसुदा तिथे असताना कुणीही भेटीची वेळ मागू शकतं आणि भेटींची यादी जाहीर होते. कंपन्यांचे प्रतिनिधी, कामगार संघटना, व्हिसाधारकांच्या संघटना, सगळे या दाराशी येतात. नियमाने कुणाचं किती नुकसान होईल याचे आकडे मांडायची ही जागा आहे. एच-४ ईएडी रद्द करण्याचा मसुदा तिथेच पडून राहिला आणि जानेवारी २०२१मध्ये, सरकार बदलल्यावर, परत घेतला गेला. तो कधी छापलाच गेला नाही. तो नेमका कशामुळे अडकला हे एका कारणावर ढकलणं मला पटत नाही, पण उशीर हाच तिथला निकाल होता. अमेरिकन कारभारात एखादी गोष्ट थांबवणं हे ती करवून घेण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं आणि अनुभवी दबावगटांना हे पक्कं ठाऊक असतं.

त्याच काळात, मे २०१८मध्ये, खासदार प्रमिला जयपाल यांच्या पुढाकाराने प्रतिनिधीगृहातल्या १३० सदस्यांनी ईएडी कायम ठेवा असं पत्र खात्याला लिहिलं, त्यात दोन्ही पक्षांचे लोक होते. अशा पत्राने खातं बांधलं जात नाही. मात्र उद्या सुनावणीत कोण प्रश्न विचारेल याची जाणीव खात्याला होते आणि नोंद राहते.

आता माध्यमांकडे येते. माझ्या मते त्यांची ताकद लोक समजतात तिथे नसते. बातमी नियमाचा मजकूर क्वचितच बदलते. कोणती गोष्ट "प्रश्न" म्हणून मांडली जाईल, हे मात्र ती ठरवते. २०१५ साली सदर्न कॅलिफोर्निया एडिसनच्या आणि मग फ्लोरिडातल्या डिस्नेच्या बातम्या आल्या. जाणाऱ्या कर्मचाऱ्यांनाच आपल्या जागी येणाऱ्या व्हिसाधारकांना काम शिकवायला लावलं, हा त्यातला सल. तो खरा होता, हे आपल्या लोकांनीही मान्य करायला हवं. डिस्नेतल्या साधारण अडीचशे नोकऱ्यांची ती गोष्ट. एच-१बीवर त्याआधीही आकडेवारीचे गठ्ठेच्या गठ्ठे छापले गेले होते आणि कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण कॅमेऱ्यासमोर बसलेल्या पन्नाशीच्या माणसाने काय सोसलं ते सांगितलं आणि चित्र पालटलं. फेब्रुवारी २०१६मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे डिस्नेच्या माजी कर्मचाऱ्याची साक्ष झाली, त्याच वर्षी विषय प्रचारसभेत गेला आणि एप्रिल २०१७मध्ये "बाय अमेरिकन, हायर अमेरिकन" हा कार्यकारी आदेश निघाला.

तो आदेश वाचा, त्यात एच-१बीची एकही अट बदललेली नाही. बदल झाला तो खालच्या मजल्यावर. ऑक्टोबर २०१७च्या मेमोने, आधी मंजूर झालेल्या पिटिशनला मुदतवाढीच्या वेळी मान द्यायची जुनी पद्धत बंद केली. फेब्रुवारी २०१८च्या मेमोने, क्लायंटच्या ऑफिसात काम करणाऱ्यांकडून करार आणि कामाचं वेळापत्रक मागायला सुरुवात झाली. त्या काळातली आरएफई, म्हणजे जादा पुरावे मागणारी नोटीस, हातात घेतलीत तर ती चांगली जाडजूड असायची. क्लायंटचं सहीचं पत्र द्या, मधल्या व्हेंडरसोबतचा करार द्या, येती तीन वर्षं हा माणूस रोज काय करणार ते टक्केवारीसकट द्या, या कामाला विशिष्ट पदवीच का लागते ते सिद्ध करा, लेव्हल वनचा, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा, पगार असेल तर हे काम "स्पेशालिटी" कसं ते सांगा. बडा क्लायंट असं पत्र द्यायला साफ नकार देतो, कारण कागदोपत्री तो मालक नाही. म्हणजे उत्तर देणं तुमच्या हातातच नाही. नॅशनल फाउंडेशन फॉर अमेरिकन पॉलिसी या संस्थेने सरकारी आकड्यांवरून काढलं आहे की नव्या नोकरीच्या पिटिशन्स नाकारल्या जाण्याचं प्रमाण २०१५ला ६ टक्के होतं, ते २०१८ला २४ टक्क्यांवर गेलं आणि २०२१ला ४ टक्क्यांवर आलं. या तिन्ही वर्षी कायद्याचं कलम अक्षरश: तेच होतं.

ते खाली कसं आलं? आयटी कंत्राटदार कंपन्यांच्या आयटीसर्व्ह अलायन्स या संघटनेने कोर्टात दाद मागितली. हा मेमो म्हणजे हरकती-सूचना न मागवता मागच्या दाराने आणलेला नियमच आहे, हा त्यांचा एक मुद्दा. मार्च २०२०मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, जूनमध्ये मेमो मागे घेतला गेला. जुन्या मंजुरीला मान द्यायची पद्धत २०२१मध्ये परत आली आणि डिसेंबर २०२४मध्ये ती रीतसर नियमात लिहिली गेली. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. मेमो एका सहीने येतो आणि एका सहीने जातो. नियम काढायला वर्ष-दोन वर्षं लागतात आणि मोडायलाही तेवढीच. म्हणून जाणती संघटना मेमो जिंकून थांबत नाही, ती तो नियमात उतरेपर्यंत पाठपुरावा करते.

लॉबीच्या पैशाबद्दल. अमेरिकेत नोंदणीकृत लॉबिंगवर वर्षाला ४ अब्ज डॉलरपेक्षा जास्त खर्च होतो आणि १९९५च्या कायद्यामुळे त्याचे दर तिमाहीचे अहवाल कुणीही पाहू शकतो. पण पैसा दिला आणि कायदा झाला, असं असतं तर रांगेचा प्रश्न कधीच सुटला असता, कारण बड्या टेक कंपन्यांना देशवार मर्यादा उठलेली हवीच होती. ती उठवणारं एचआर १०४४ हे विधेयक जुलै २०१९मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. सिनेटमध्ये मात्र एका सदस्याची हरकतही एकमताचा मार्ग रोखू शकते. सिनेटर रँड पॉल यांनी परदेशी नर्सेससाठी जागा राखून ठेवा म्हणत अडवलं, ते मिटल्यावर डिक डर्बिन यांनी एकूण जागाच वाढवा म्हणत अडवलं, पुढे रिक स्कॉट यांचे आक्षेप आले. डिसेंबर २०२०मध्ये सिनेटने बदललेला मसुदा मंजूर केला, पण दोन्ही सभागृहांचे मसुदे जुळले नाहीत आणि मुदत संपली. ज्यांना रांग नव्हती त्या देशांच्या लोकांना आपली रांग सुरू होईल अशी भीती होती आणि ती रास्त होती. दबावगट विरुद्ध जनता असं सरळ चित्र इथे नव्हतंच, एका गटाची सुटका ही दुसऱ्याची कोंडी होती.

पैसा खरा कामी येतो तो वेगळ्या तऱ्हेने. तो तयारी विकत घेतो. दार किलकिलं होतं त्या आठवड्यात तुमच्याकडे तयार मजकूर, कायदेशीर आधार आणि आकडे असले पाहिजेत. २००७मध्ये मायक्रोसॉफ्टने होमलँड सिक्युरिटी खात्याला पत्र लिहून सुचवलं की विद्यार्थ्यांच्या ओपीटीची, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीची, मुदत वाढवा, त्याला काँग्रेसची गरज नाही. एप्रिल २००८मध्ये खात्याने स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) पदवीधरांना १७ महिने वाढवून दिले. हे घाईत, आधी सूचना न मागवता केलं आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली. वॉशटेक या तंत्रज्ञ कामगारांच्या संघटनेच्या दाव्यात २०१५ला कोर्टाने नेमक्या त्याच कारणावर तो नियम रद्द ठरवला, पर्यायी नियमासाठी वेळ दिला, खात्याने पन्नास हजारांवर सूचना घेऊन २०१६मध्ये २४ महिन्यांचा नवा नियम काढला आणि तो टिकला. तुमच्या ओळखीतला जो मुलगा आज स्टेम ओपीटीवर आहे, तो या साखळीमुळे आहे.

नोकरशाहीची मला सर्वांत मोठी वाटणारी ताकद मात्र धोरणाच्या कागदावर दिसतच नाही. ती आहे काम करण्याची किंवा न करण्याची. कोविडमुळे कौटुंबिक व्हिसे कमी दिले गेले, ते उरलेले क्रमांक नोकरीच्या रांगेत आले आणि २०२१च्या आर्थिक वर्षात नेहमीच्या १,४०,०००ऐवजी सुमारे २,६२,००० ग्रीन कार्डं उपलब्ध झाली. त्यातली ६६ हजारांहून जास्त ३० सप्टेंबरला, वर्ष संपताच, वाया गेली. कुणी विरोध केला नव्हता, कुठली लॉबी आडवी आली नव्हती, फायली वेळेत हलल्या नाहीत, एवढंच. पुढच्या वर्षी सुमारे २,८१,००० उपलब्ध होती आणि ती जवळजवळ सगळी दिली गेली. दोन वर्षांत फरक फक्त खात्याने ते काम किती निकडीचं मानलं याचा. मला याचा आजही राग येतो, कारण त्या ६६ हजारांत दहा-बारा वर्षं थांबलेली माणसं होती.

तिघेही एकाच वेळी पाहायचे तर जुलै २००७ आठवा. तेव्हा इथे असलेल्यांना वेगळं सांगायला नको. परराष्ट्र खात्याने जूनच्या मध्यावर जुलैचं व्हिसा बुलेटिन (रांगेत कोणत्या तारखेपर्यंतच्यांची पाळी आली ते सांगणारं मासिक पत्रक) काढलं आणि नोकरीच्या जवळजवळ सगळ्या तारखा एकदम "करंट" केल्या (म्हणजे रांगेतल्यांना लगेच ग्रीन कार्डचा अर्ज करता येणार होता), कारण यूएससीआयएस या इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या विभागाकडून पुरेशा फायली निकाली निघत नव्हत्या. लोकांनी वैद्यकीय तपासण्या केल्या, भारतातून जन्मदाखले मागवले, लग्नं आधी उरकली. तेवढ्यात यूएससीआयएसने झपाटा लावून जूनमध्ये सुमारे ६० हजार क्रमांक वापरले आणि २ जुलैला सांगण्यात आलं की आता अर्जच घेणार नाही. ३० जुलैपासून या अर्जाची (आय-४८५) मूळ फी ३२५ डॉलरवरून ९३० होणार होती, त्यामुळे संशय आणखी वाढला. मग इमिग्रेशन व्हॉइस या व्हिसाधारकांच्या संघटनेच्या आसपास जमलेल्या भारतीयांनी गांधीगिरी केली. यूएससीआयएसचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्या नावे शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. फुलांच्या फोटोंनी बातमी देशभर गेली. गोन्झालेझ यांनी ती फुलं वॉल्टर रीड रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे पाठवायला सांगितली. त्याच वेळी वकिलांच्या गटाने सामूहिक दाव्याची तयारी केली होती आणि खासदार झोई लॉफग्रेन यांनी दोन्ही खात्यांना जाब विचारला होता. १७ जुलैला निर्णय फिरला, १७ ऑगस्टपर्यंत जुन्याच फीमध्ये अर्ज घेतले गेले. फुलांनी काम केलं असं आपण अभिमानाने सांगतो. माझं मत, फुलांनी प्रकरण उजेडात ठेवलं, दाव्याने खात्याला घाई करायला लावली. दोन्हींपैकी एक नसतं तर दोन आठवड्यांत काहीच हललं नसतं.

ताजं उदाहरण सप्टेंबर २०२५चं. १९ तारखेला एच-१बीवर एक लाख डॉलरच्या फीचं राष्ट्राध्यक्षांचं घोषणापत्र निघालं, २१ तारखेच्या पहाटेपासून लागू. भारतात सुट्टीवर गेलेल्यांनी शुक्रवारी रात्री मिळेल ते तिकीट काढलं. दुसऱ्या दिवशी यूएससीआयएसने स्पष्ट केलं की हे फक्त नव्या पिटिशन्सना आहे, आणि २० ऑक्टोबरच्या सूचनेत आणखी स्पष्ट झालं की देशातच राहून स्टेटस बदलणाऱ्यांना, म्हणजे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांना, ती साधारणपणे लागू नाही. सही राष्ट्राध्यक्षांची, पण खिशाला झळ कुणाच्या लागणार हे ठरलं खात्याच्या खुलाशात. यूएस चेंबर ऑफ कॉमर्सने लावलेल्या दाव्यात डिसेंबर २०२५मध्ये जिल्हा न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. घोषणापत्राला हरकती-सूचनांचा टप्पा नसतो, त्यामुळे कोर्टाबाहेर तुमच्याकडे फारसं काही उरत नाही, आणि अलीकडे हा मार्ग जास्त वापरला जातो याची मला काळजी वाटते.

आता तुम्ही काय करावं. मसुदा नियम छापला गेला असेल तर रेग्युलेशन्स डॉट गव्हवर सूचना जरूर पाठवा. नागरिकत्वाची अट नाही, भारतात बसूनही पाठवता येते. व्हॉट्सअॅपवर फिरणारा तयार मजकूर चिकटवू नका, हजार सारख्या पत्रांना खातं एकच उत्तर देतं. पत्नी काय काम करते, तिच्या हाताखाली किती माणसं आहेत, घरकर्ज कोणत्या उत्पन्नावर घेतलं, नियमाच्या कोणत्या कलमाने यातलं काय मोडेल, हे आकड्यांसह लिहा. सूचना जाहीर होतात, म्हणून पासपोर्ट किंवा रिसीट क्रमांक घालू नका. तिच्या कंपनीच्या एचआरकडून वेगळं पत्र गेलं तर उत्तम, मालकाच्या नुकसानीचं वजन जास्त असतं. खासदाराच्या ऑफिसला तुम्ही मतदार नसतानाही त्या मतदारसंघातले रहिवासी म्हणून लिहू शकता, अडकलेल्या फाईलची चौकशी ते करतात. निवडणुकीची देणगी मात्र ग्रीन कार्ड मिळेपर्यंत अजिबात देऊ नका, कायद्याने बंदी आहे. टीव्हीवर कुणी व्हिसाबद्दल काही बोललं तर आधी फेडरल रजिस्टरमध्ये किंवा यूएससीआयएसच्या साइटवर काही छापलं आहे का ते पाहा, मगच तिकीट काढा.

आणि यातलं सगळ्यात तातडीचं. ईएडी नूतनीकरणाचा अर्ज भरला की आपोआप मिळणारी ५४० दिवसांची मुदतवाढ ३० ऑक्टोबर २०२५पासून नव्या अर्जांना बंद झाली आहे, तीही आधी सूचना न मागवता काढलेल्या तात्पुरत्या नियमाने. म्हणजे नवं कार्ड हातात येण्याआधी जुनं संपलं तर पत्नीला त्या दिवसापासून काम थांबवावं लागेल. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी १८० दिवस करता येतो. तिच्या कार्डावरची तारीख आज पाहा, १८० दिवस मागे मोजा आणि त्याच आठवड्यात अर्ज जाईल असे कागद आतापासून जमवा. तुमची स्वतःची मुदतवाढही जवळ आली असेल तर दोघांचे अर्ज एकत्र पाठवायचे की वेगळे, हे तुमच्या वकिलाला आधी विचारा. ते तुमच्या आय-९४च्या (अमेरिकेत राहण्याची मुदत दाखवणाऱ्या नोंदीच्या) तारखेवर ठरेल.